घरधनी येण्यापूर्वी

१

संध्याकाळ झाली की त्या घरात भांडण ठरलेलं. विषय काहीही चालायचा. पलंगावर पडलेला ओला टॉवेल, संपलेलं दूध, लेकीचा राहिलेला गृहपाठ. दोघं नवरा-बायको दिवसभर बाहेर लोकांशी गोड बोलून दमायची आणि उरलेलं कडू तेवढं घरी घेऊन यायची.

ती कान तपासायची. दवाखान्यातल्या लहानशा बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचा, बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे कोण दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की त्याचा फोन वाजणार, मग हातात घास असो नाहीतर डोळ्यांवर झोप. त्यामुळे घरी यायची त्याची वेळ त्याची त्यालाच माहीत नसायची. यायचा तेव्हा बेल दाबून धरायचा. ती ‘आले, आले, घर पेटलंय का?’ म्हणत दार उघडायची आणि उंबऱ्यातच तोंडाला तोंड लागायचं. त्यांची सहा वर्षांची मुलगी एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भांडण पेटलं की ही भिंगरी दोघांच्या मधून गोल गोल फिरत कुठलं तरी गाणं मोठ्यानं म्हणायची.

एका संध्याकाळी त्यानं अवजारांची पिशवी खाली ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाला, ‘खरं सांगू? हल्ली काम संपलं तरी मी गाडीत बसून राहतो. घरी यावंसंच वाटत नाही.’

ओरडला असता तर तिनं चार शब्द सुनावले असते. तो ओरडला नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

२

त्याच सुमारास तिनं जुन्या सामानाच्या दुकानातून भिंगरीच्या कपड्यांसाठी एक कपाट आणलं. कपाट चांगलं होतं, फक्त खणांमध्ये कुणीतरी पूर्वी अंथरलेले मासिकाचे पिवळे पडलेले कागद तसेच राहिले होते. ते काढता काढता ती वाचू लागली. गृहिणींना उपदेश करणारी लेखमाला होती. नाव होतं ‘घरधनी येण्यापूर्वी’. वाचून तिला इतकं हसू आलं, की तिनं नवऱ्याला हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवलं.

‘ऐक. “घरधन्यास आपल्याच दारावर थाप मारावयास लावू नये. जो थाप मारतो तो पाहुणा होय. दार नुसते लोटलेले असावे.”’

‘वा,’ तो म्हणाला. ‘पुढे?’

‘“त्याची एक खुर्ची असावी. तीवर अन्य कोणी, मुलांनीदेखील, बसू नये. दिवा मंद असावा. चहा झाकून खुर्चीपाशी ठेवावा. मुलांची तोंडे धुतलेली असावीत. कोठे होता, उशीर का झाला, हे पुसू नये. आल्याबरोबर त्याचे तोंड न्याहाळीत बसू नये, थकलेल्या माणसास ते रुचत नाही.” आणि हे बघ, ही तर कमालच आहे. “वेळ चुकवू नये. तो येवो न येवो, घराने रोज त्याच वेळी सज्ज व्हावे. घराला वाट पाहण्याची सवय लागली पाहिजे.”’

‘करून तर बघ,’ तो हसत म्हणाला. ‘फुकटात राजा होतोय, मी कशाला नको म्हणू?’

कितीतरी दिवसांनी तो घरात हसला होता. तिनं थट्टेत मान डोलावली, पण मनातून ठरवूनच टाकलं. एरवी ती असल्या उपदेशाला काडीची किंमत देणारी बाई नव्हती. पण बाकीचं सगळं करून झालं होतं. समजावून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. मग हेही सही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं पसारा उचलला, वेताची उंच पाठीची खुर्ची कोपऱ्यातल्या दिव्याखाली ओढली, चहा झाकून ठेवला, भिंगरीला पकडून तिचं तोंड धुतलं आणि दार नुसतं लोटून ठेवलं. योगायोगानं तो वेळेवर आला.

‘दार उघडं? चोर शिरला म्हणजे?’

‘त्यालाही चहा देईन,’ ती म्हणाली.

तो बसला. चहा प्यायला. पाय लांब करून त्यानं डोळे मिटले आणि ती त्याच्याकडे न बघता भाजी चिरत राहिली. त्या संध्याकाळी कुणाचा आवाज चढला नाही. पुढच्याही काही संध्याकाळी चढला नाही. तिला वाटलं, इतकं सोपं होतं तर.

३

मग त्याचं काम वाढलं. कुठल्याशा मोठ्या इमारतीतल्या लिफ्ट एकामागून एक बंद पडू लागल्या आणि त्याला यायला उशीर होऊ लागला. ती मात्र वेळ चुकवत नव्हती. तो येवो न येवो, घर आपलं तयार. चहा निवून जायचा, ती ओतून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची.

अशाच एका संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी होती. बाहेरचं दार हलकेच करकरलं. बूट काढल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरा. पावलं आत आली आणि वेताची खुर्ची कुरकुरली. तिला बरं वाटलं. आज वेळेवर आला बिचारा. ठरवल्याप्रमाणे ती बाहेर डोकावली नाही, काही विचारलंही नाही. पातेल्यात डाव फिरवत राहिली. थोड्या वेळानं कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

‘आणखी देऊ?’ तिनं आतूनच विचारलं.

तेवढ्यात बेल वाजली.

हात पुसत ती बाहेर आली. दाराला आतून कडी होती. तिनं कडी काढली तर समोर नवरा, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम.

‘आज कडी लावलीस होय?’ तो म्हणाला. ‘मला वाटलं राज्य खालसा झालं.’

तिनं मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. दाराशी कुणाचे बूट नव्हते. कपावरची झाकणी बाजूला काढून ठेवली होती आणि कपात थोडासा चहा उरला होता. तिचा नवरा तळाचा थेंबसुद्धा सोडत नसे.

‘तू प्यायलीस चहा?’ तिनं भिंगरीला विचारलं.

‘मी नाही चहा पीत,’ भिंगरी म्हणाली. ते खरं होतं.

कडी भिंगरीनं लावली असेल. चहा तिनं स्वतःच ओतताना कमी ओतला असेल. वेत थंडीनं आखडतो आणि कुरकुरतो, हे कुणीही सांगेल. एकेका गोष्टीला एकेक कारण होतं आणि सगळी कारणं चांगली होती. तिनं खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवून पाहिला. वेत गरम होता. दिव्याखाली आहे, तापणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

४

दवाखान्यात तिच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. त्यांना घरात बायकोच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती त्यांना दर वेळी तेच समजावून सांगायची. कान म्हातारा झाला की कमी ऐकतो, आणि मेंदूला शांतता सोसत नाही. तो आपल्याच गाठीचे आवाज काढून पोकळी भरतो. ज्या आवाजाची आपण वाट पाहतो, तोच आधी ऐकू येतो.

‘म्हणजे घाबरायचं कारण नाही?’ मास्तरांनी विचारलं.

‘मुळीच नाही. तुम्हाला एकट्यालाच ऐकू येतात ना?’

‘एकटाच तर असतो.’

‘मग झालं तर. तो आवाज कानातला. दोघांना ऐकू आला असता, तर वेगळी गोष्ट.’

हे आपण कुणाला सांगतोय, असं तिच्या मनात येऊन गेलं. मास्तर गेल्यावर ती स्वतः बंद खोलीत बसली, हेडफोन लावला आणि स्वतःचे कान तपासले. कान एकदम ठणठणीत होते. अगदी बारीक आवाजही तिला बरोबर ऐकू आले, आणि जिथे काहीच सोडलं नव्हतं तिथे तिनं एकदाही बटण दाबलं नाही. एखादीला याचा आनंद झाला असता. ती खोलीतून बाहेर आली आणि यंत्रच बिघडलेलं नाही ना, ते तपासत बसली.

त्या संध्याकाळी दार करकरलं. ती ओट्यापाशी ताठ उभी राहिली. बूट निघाले. खुर्ची कुरकुरली. हा माझा मेंदू, ती मनात म्हणाली. मला तो यायला हवाय म्हणून हे आवाज.

भिंगरी आतल्या खोलीतून पळत गेली. ‘तोंड धुतलं मी,’ ती बाहेर कुणाला तरी सांगत होती. ‘बघा, कानामागेसुद्धा.’

५

तिनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सुट्टीच्या सकाळी नवरा पेपर वाचत असताना ती म्हणाली, ‘अरे, संध्याकाळी तू यायच्या आधी घरात कुणीतरी येतं.’

‘कोण?’

‘माहीत नाही. मी बघत नाही.’

तो हसला, पण त्याचं हसणं नेहमीचं नव्हतं. लोकांच्या घरी लिफ्टची तक्रार ऐकताना हसतो तसं मोजून-मापून हसला. तेव्हा पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चपलांच्या मांडणीशेजारच्या स्टुलावर बसला होता. खुर्ची रिकामी होती, सोफा रिकामा होता, आणि हा गुडघे जुळवून स्टुलावर. कधीपासून तिथे बसतो हा?

मग तिला एकेक दिसू लागलं. पूर्वी तो फ्रिज उघडून बाटलीच तोंडाला लावायचा आणि त्यावरून त्यांची खडाजंगी व्हायची. आता तो ‘जरा पाणी मिळेल का?’ म्हणायचा. टॉवेल पलंगावर पडायचा नाही. पडणार कसा, तो आपला टॉवेल घडी करून पिशवीत ठेवायचा. जेवायला बसला की ‘पुरे, पुरे’ म्हणायचा. बेलसुद्धा आता दाबून धरत नसे. एकदा हलकेच टिंग, आणि मग बाहेर वाट पाहणं. दार तर रोज आतून लागलेलं असायचंच. कडी कोण लावतं, हे तिनं विचारायचं सोडून दिलं होतं.

‘तू असा परक्यासारखा का वागतोस?’ ती न राहवून म्हणाली.

‘मी?’ त्यानं खरोखर आठवून पाहिलं. ‘छे. इथे फार बरं वाटतं मला. तुम्ही सगळं किती छान ठेवता.’

तुम्ही. लग्नाच्या आधीपासून तो तिला अगं-तुगं करत आला होता.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला तो जुना, आरडाओरडा करणारा, टॉवेल फेकणारा माणूस हवा होता. त्याला घरी यावंसं वाटावं म्हणून तिनं हा सगळा खटाटोप मांडला होता आणि घरातून तो असा बोटाबोटानं निसटत चालला होता. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो संकोचून थोडा बाजूला सरकला.

दुपारी तो कामावर गेला आणि त्याच संध्याकाळी बेल वाजली तेव्हा दार भिंगरीनं उघडलं. तिनं मान वर करून बापाकडे पाहिलं आणि आत ओरडली, ‘आई, काका आलेत!’

‘काका कोण? बाबा आहेत ना ते!’

भिंगरीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दिव्याखालच्या खुर्चीकडे. मोठ्या माणसांनी थट्टा केल्यावर हसतात तशी ती हसली.

‘बाबा तर केव्हाच आलेत,’ ती म्हणाली.

सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे तिच्या नवऱ्याला वाईट वाटलं नाही. त्यानं खिशातून गोळी काढून मुलीच्या हातावर ठेवली, तिच्या गालावर चापट मारली आणि कामाचा फोन आलाय म्हणून न जेवताच निघून गेला.

६

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात जाण्याआधी घराची दैना केली. कपाटातले ते पिवळे कागद फाडून कचऱ्यात टाकले. खुर्ची उचलून गॅलरीत नेली आणि उलटी करून ठेवली. कोपऱ्यातल्या दिव्याचा बल्ब काढला. धुतलेले कपडे सोफ्यावर उपडे केले, खरकटी भांडी ओट्यावर तशीच ठेवली, एक टॉवेल मुद्दाम ओला करून पलंगावर फेकला. दाराला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. हे करताना तिला हसूही येत होतं.

दुपारी तिनं त्याला फोन लावला.

‘ऐक, आज बेल दाबून धर. दणकून. शेजारी बाहेर आले तरी चालतील. आज आपण पोटभर भांडू.’

पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

‘ऐकतोयस ना?’

‘हो, हो,’ तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. ‘आग्रह करताय तर येऊन जाईन.’

‘येऊन जाईन काय? घरी ये.’

‘हो, तेच. येऊन जाईन एकदा.’

फोन ठेवल्यावर ती रुमालात तोंड घालून रडली. बाहेर पेशंट थांबले होते. तिनं डोळे पुसले आणि पुढच्याला आत घेतलं.

७

पाळणाघरातून भिंगरीला घेऊन ती आली तेव्हा जिन्यात अजून उजेड होता. किल्ली काढून ती पुढे झाली आणि तशीच थांबली. कुलूप नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

तिनं भिंगरीचा हात घट्ट धरला. पण ती पोर कधी कुणाच्या हातात राहिली होती? सटकन सुटली आणि दार ढकलून आत पळाली. आत बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला.

ती मागोमाग गेली. घर आवरलेलं होतं. कपड्यांच्या घड्या घालून त्यांची चळत सोफ्याच्या टोकाला ठेवली होती. ओटा पुसलेला होता. कोपऱ्यात दिवा मंद जळत होता आणि त्याच्याखाली खुर्ची होती. आज तिचं तोंड खिडकीकडे होतं. उंच पाठीमुळे दाराकडून फक्त वेताची वीण दिसत होती. दिव्याचा उजेड त्या विणीतून आरपार यायला हवा होता. तो येत नव्हता.

बघू नये, असं तिच्या मनात आलं. मग तिला स्वतःचाच संताप आला. आपलं घर, आपली मुलगी, आणि आपण कशाला चोरासारखं उभं राहायचं? ती मोठ्यानं म्हणाली, ‘भिंगरे, चल. आपल्याला बाहेर जायचंय.’

‘श्श,’ भिंगरी म्हणाली. ‘ते दमलेत.’

ती तोंड धुऊन आली होती आणि खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. खुर्चीच्या कडेनं तिचं अर्धं अंग दिसत होतं. ही मुलगी, जी जेवतानासुद्धा पाटभर जागेत तीनदा फिरायची, पाठ सरळ करून, अगदी स्थिर बसली होती. दोन्ही हात मांडीत होते. आणि तिच्या केसांतून कंगवा हळूहळू खाली येत होता. मध्यभागी सरळ भांग पडत होता.

कंगवा पुन्हा वर गेला.

टिंग.

बेल हलकेच, एकदाच वाजली. ती वळली आणि दाराकडे धावली. मघाशी उघडं टाकलेल्या दाराला आता कडी होती. कडी निघता निघेना, मग निघाली. समोर तिचा नवरा उभा होता. खांद्याला पिशवी होती, बोटांना वंगण होतं, हनुवटीवर वस्तरा लागल्याची सकाळची खूण होती. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं त्याची बाही दोन्ही हातांनी धरली.

‘अरे, लवकर आत ये. भिंगरीला उचल. आपण निघू या इथून.’

तो तिच्याकडे पाहत होता. ओळख शोधताना माणसाच्या कपाळाला आठी पडते, तशी एक आठी पडली आणि विरली. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. तिथे त्याला कोण दिसलं ते तिला कळलं नाही. तिला फक्त त्याच्या चेहऱ्यावरचा बदल दिसला. तो गडबडून सावरून उभा राहिला, दुसऱ्याच्या घरच्या कर्त्या माणसापुढे उभं राहावं तसा, आणि त्यानं अदबीनं मान झुकवली. तिच्या मागे खुर्ची कुरकुरली.

त्यानं आपली बाही हळूच सोडवून घेतली. आतल्या माणसाचा उगाच गैरसमज होऊ नये, अशी त्याची धडपड होती.

‘माफ करा हं, वहिनी,’ तो म्हणाला. ‘मजला चुकला वाटतं माझा.’

तिनं त्याला नावानं हाक मारली. पुन्हा मारली. त्यानं मागे वळून पाहिलंसुद्धा, पण एखादी बाई भलत्याच कुणाला हाक मारतेय म्हणून पाहावं तसं. लिफ्ट आली. तो आत गेला आणि पिशवी पायाशी ठेवून समोर बघत उभा राहिला. दोन्ही फळ्या मिटेपर्यंत ती त्याचा चेहरा पाहत होती. जिना शेजारीच होता. लिफ्ट जुनी होती, सावकाश उतरायची. धावली असती तर तिनं त्याला तळमजल्यावर गाठलं असतं.

‘आई,’ भिंगरी आतून म्हणाली. कधी नव्हे ते इतक्या शहाण्या आवाजात. ‘बाबा म्हणतात, तू जा हवं तर. मी राहते.’

लिफ्टचा आवाज खाली खाली गेला आणि थांबला. तळमजल्यावर दार उघडल्याचं तिला इतक्या वरून स्पष्ट ऐकू आलं. मग त्याची पावलं, मग काहीच नाही.

ती आत गेली आणि मुलीशेजारी जमिनीवर बसली, मान खाली घालून.